हँडल डावीकडे की उजवीकडे

काकांच्या घरी राहायला गेलो त्या दिवशी त्यांनी माझी बॅग कापली.

रागाने नाही हां. मी दारात उभा, खांद्यावर बॅग, बार्शीहून आणलेली शेंगाचटणी आत. पट्टा एका बाजूला थोडा उसवलेला होता. काकांनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेतला, पट्टा दोन बोटांत धरून चोळला आणि विचारलं, "वजन किती?" मी म्हटलं, माझं की बॅगेचं? ते आत गेले, कात्री घेऊन आले आणि पट्टा मधोमध कचकन कापला. "रिजेक्ट. रिजेक्ट झालेला पट्टा कापून टाकायचा, म्हणजे दुसरा कोणी चुकून वापरत नाही. नोटेड?"

मग चहा घेणार का, विचारलं.

काका नात्याचे नव्हते, सगळेच त्यांना काका म्हणायचे, आणि ते कतारला लिफ्टिंग इन्स्पेक्टर होते. रास लफानला क्रेनने जे जे उचलतात, त्याचे पट्टे, साखळ्या, हुक, सगळं तपासायचं आणि चांगलं असेल तर पास करायचं. त्यांची सही नसेल तर साईटवर काडी हलायची नाही. मी त्याच कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर, म्हणजे कागद इकडून तिकडे नेणारा साहेब. काकू सासूबाईंच्या आजारपणासाठी नाशिकला गेल्या होत्या, मुलगी परदेशात, आणि अल खोरच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये काका एकटेच पोळ्या लाटत बसलेले. म्हणून मला ठेवून घेतलं. पोळ्या मात्र अशा करायचे की एकावर एक ठेवल्या तर कडेला नख लागायचं नाही.

साईटवर पद्धत अशी असते की तपासलेल्या प्रत्येक पट्ट्याला एका रंगाची खूण बांधायची, आणि दर तीन महिन्यांनी रंग बदलायचा. या तिमाहीत हिरवा असेल तर पिवळी खूण दिसली की तो पट्टा बाद. हे साईटवर ठीक आहे. काकांनी हे घरी आणलं होतं. कुकरला हिरवी खूण, स्टुलाला हिरवी खूण, कपडे वाळत घालायच्या दोरीला दोन्ही टोकांना हिरवी खूण. मी आलो तेव्हा माझी कॉट पिवळी होती, म्हणजे मुदत संपलेली. काकांनी मला तीन दिवस जमिनीवर झोपवलं, मग कॉटवर तांदळाच्या गोण्या रचून एक रात्र ठेवल्या, आणि चौथ्या दिवशी हिरवी खूण बांधून म्हणाले, झोप. काकू नाशिकहून फोन करायच्या तेव्हा आधी विचारायच्या की माझा कुकर यंदा पास झाला का, आणि मग तब्येत.

टांगलेल्या वजनाखाली उभं राहायचं नाही, हा त्यांचा दुसरा नियम. दोह्यात एका मॉलमध्ये छताला भलंमोठं झुंबर आहे. सगळं जग त्याच्याखाली फोटो काढतं. काका भिंतीला चिकटून पूर्ण गोल चालत जायचे आणि पलीकडे जाऊन आमची वाट बघायचे. एकदा मंडळाच्या गणपतीला चार पोरं मूर्ती उचलायला वाकली, तर काकांनी त्यांना थांबवून मूर्तीचं वजन विचारलं. कोणालाच माहीत नव्हतं. आरती वीस मिनिटं उशिरा झाली.

आणि तिसरा नियम, सगळ्यात मोठा: वाकलं की रिजेक्ट. हुक जरा उघडला, पिन जरा वाकली, की ठोकून सरळ करायची नाही, फेकायची. "एकदा वाकलं ना बार्शी, की ते आतून गेलेलं असतं. वरून दिसत नाही." मला ते बार्शीच म्हणायचे. माझं नाव त्यांना माहीत होतं, पगाराच्या कागदावर वाचलेलं होतं, पण वापरायचं कशाला. घरात वाकलेला चमचा दिसला तर तो दुसऱ्या दिवशी कचऱ्यात. मी आइस्क्रीम खाताना जपून खायचो.

आता असा माणूस घरात असल्यावर नकला करणार नाही तर काय करणार. शाळेत आमच्या हेडमास्तरांची नक्कल करून मी पट्ट्या खाल्ल्यात, हे तर फुकटात मिळालेलं. सकाळच्या कंपनीच्या बसमध्ये सातारा-जालन्याची रिगर मंडळी, म्हणजे क्रेनला माल बांधणारी, असायची, अर्धी झोपेत. मी उठायचो, चष्मा नाही तरी नाकावर सरकवायचो, एकदा खाकरायचो आणि कोणाच्याही डब्याला हात लावून म्हणायचो, "वजन किती? रिजेक्ट. नोटेड?" बस जागी व्हायची. एक दिवस कोणी हसेना. मागे वळलो तर काका शेवटच्या सीटवर. त्यांची गाडी त्या दिवशी गॅरेजला होती.

घरी आल्यावर बूट काढता काढता म्हणाले, "तू 'नोटेड' ओढतोस. ते तुटक पाहिजे." आणि माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. तिसऱ्यांदा मान हलवली. पास.

मी राहायचो ती खोली त्यांच्या मुलीची. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला तिचं शाळेचं वेळापत्रक अजून चिकटवलेलं होतं. ती इथेच वाढली, शिकली, मग पुढच्या शिक्षणाला स्वीडनला गेली, तिथेच नोकरी, आणि तिथल्याच एका मुलाशी लग्न. काकांनी मला यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. काकूंनी सांगितलं. मुलीने सगळं ठरवून मग बापाला फोन केला होता. काका तिला म्हणाले होते की विचारायचं ते आधी, आता नुसतं कळवतेस कशाला. आणि लग्नाला गेले नाहीत. त्यानंतर दोन वर्षं बापलेकीत बोलणं नाही. वाईटही कधी बोलले नाहीत तिच्याबद्दल. तिचा विषयच नव्हता घरात. इकडचा निरोप तिकडे आणि तिकडचा इकडे काकू न्यायच्या, नाशिकला बसून.

तर एका संध्याकाळी काका पोळ्या लाटतायत, फोन स्पीकरवर, आणि काकू म्हणाल्या की धोंड्याचा महिना येतोय. अधिक महिन्यात जावयाला वाण देतात हे मला माहीत होतं. आमच्याकडे माझे दाजी त्या महिन्यात जरा जास्तच ताठ चालतात. काकूंचं म्हणणं असं की लग्नानंतरचा हा पहिलाच अधिक महिना, पोरगी आणि जावई भारतात यायला निघतायत, विमान दोह्यात बदलणार आहे आणि मध्ये अख्खा दिवस आहे. तेव्हा नाशिकला पोचायच्या आधी, पहिलं वाण तिथेच काकांनी द्यायचं. तेहतीस अनारसे घेऊन मी काही कतारला उडत येऊ शकत नाही, म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "भेटायला जाणार आहात ना?"

काका म्हणाले, पोळी करपतेय. आणि फोन बंद केला. पोळी तव्यावर टाकलीच नव्हती.

पण जेवताना मला विचारलं, अगदी सहज, की स्वीडनची माणसं साधारण करतात काय. मी म्हटलं, एक मिनिट, आणि त्यांच्या मुलीचे फोटो उघडले. ती सगळ्यांसाठी फोटो टाकते, ते बघायला कोणाची परवानगी लागत नव्हती, फक्त काकांना ते माहीत नव्हतं. जावई म्हणजे लाल दाढीचा, सहा फुटांचा गडी. प्रत्येक फोटोत छोट्या होडीत बसलेला आणि लेकराला धरावं तसा एक लांबडा मासा छातीशी धरलेला. माशाचा जबडा मगरीसारखा, हिरवट अंगावर फिकट ठिपके. खाली लिहिलेलं, पाईक. मला आधी वाटलं, शिलेदार-पाईक असतात तसं काहीतरी. माशाचं नाव निघालं. गोड्या पाण्यातला, दातांचा, आणि त्याला पकडायला हा गडी हातभर लांबीचा रबरी खोटा मासा फेकतो.

काका कांदा-लसूणही चातुर्मासात सोडणारे. अल खोरच्या मासेबाजारावरून जाताना गाडीच्या काचा वर करायचे. मला वाटलं, आता हे ताटावरून उठतात. त्यांनी विचारलं, पकडून खातो का? मी वाचून सांगितलं की नाही, मोजतो, फोटो काढतो आणि पाण्यात परत सोडतो. काकांनी बराच वेळ विचार केला.

"म्हणजे टेस्टिंग करतो," म्हणाले. आणि आणखी एक पोळी घेतली.

ठरलं. जावयाला रॉड आणि रील, म्हणजे गळाची काठी आणि तिचा दोरा गुंडाळायची चकरी.

आता आपण काय केलं असतं? दुकानात गेलो असतो, बरा दिसणारा उचलला असता. काकांनी फाईल उघडली. महिनाभर रोज जेवणानंतर ते वाचायचे आणि दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी ते सगळ्यांना काकांच्या आवाजात सांगायचो, त्यामुळे आमच्या बसमधल्या जालन्याच्या रिगरांनाही पाईकचं सगळं पाठ झालं होतं. जड खोटा मासा फेकायचा तर रॉड जाडजूड लागतो, आठ फुटांच्या आसपास. रील खाली लटकणारं नको, रॉडच्या वर बसणारं पाहिजे, त्याला मल्टिप्लायर म्हणतात, जड वजनाला तेच टिकतं. दोरा विणलेला. आणि शेवटी हातभर तार, कारण पाईकचे दात दोरा कापतात. या तारेवर काका फार खूश होते. म्हणाले, बघ, शेवटी वायर रोपच.

काकूंना काही हे पटेना. वाण म्हणजे जाळीदार काहीतरी हवं, अनारसा, बत्तासा, भोकं असलेलं. काकांनी दुकानातून रीलचा फोटो पाठवला. आतल्या चकतीला, जिच्यावर दोरा गुंडाळतात तिला, वजन कमी करायला गोल गोल भोकं पाडलेली असतात. काकूंनी विचारलं, तेहतीस आहेत का? काकांनी दुकानात उभं राहून मोजली. कमी भरली. मग रॉडवरच्या कड्या मिळवल्या, तरी कमी. शेवटी उरलेले बत्तासे घालू, असं ठरलं. हे सगळं फोनवर, स्पीकरवर, गिऱ्हाईकांसमोर.

ते दुकान एका मल्याळी माणसाचं होतं, बंदराच्या रस्त्यावर; सगळे त्याला इक्का म्हणायचे, म्हणजे त्यांच्याकडचा दादा. इक्का इथल्या मोठ्या समुद्री माशांसाठी सामान विकायचा. पाईक हा मासा कतारच्या आसपास कुठेही नाही हे त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, त्याला वाटलं काकांना कोणीतरी फसवलंय. पण रॉड त्याच्याकडे होता. काळा, सुंदर. त्याच्यावर लिहिलेलं, दीडशे ग्रॅमपर्यंत.

काका तो घेऊन घरी आले आणि त्यांचं तोंड उतरलं. मासा दहा किलोचा आणि रॉडची क्षमता दीडशे ग्रॅम? असला माल जावयाच्या हातात द्यायचा? मी म्हटलं, काका, ते फेकायचं वजन असेल. ते म्हणाले, असेल म्हणजे काय, कागद दाखव. कागद नव्हता. आणि कागद नसेल तर लोड टेस्ट. नियमाप्रमाणे जेवढं उचलायचं त्याच्या सव्वापट वजन लावून बघायचं. दहा किलोचा मासा म्हणजे साडेबारा किलो.

शुक्रवारी सकाळी बाल्कनीत लाल-पांढरी पट्टी बांधली. मला हेल्मेट आणि शिट्टी. रॉड कठड्याला दोन शिकंज्यांनी आवळला, टोकाला तांदळाची पिशवी, वजनकाट्यावर मोजून साडेबारा किलो, एक दाणा जास्त नाही. काका खाकरले आणि मला शिट्टी वाजवायला सांगितली. मी वाजवली. त्यांनी पिशवीखालचं स्टूल काढलं.

रॉड असा मोडला की समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईने खिडकी उघडली. तांदूळ सगळीकडे. काकांनी दोन्ही तुकडे उचलले, मोडलेली जागा भिंगातून बघितली, फाईलमध्ये 'फेल' लिहिलं. मग तांदूळ भरत बसले. पुढचे चार दिवस आम्ही जो भात खाल्ला त्यात कचकच होती.

तुकडे घेऊन आम्ही परत दुकानात. मला वाटलं, इक्का हसणार. तो हसला नाही. त्याने तसाच दुसरा रॉड काढला, रील बसवलं, दोरा दुकानाच्या दाराच्या हँडलला बांधला आणि काकांच्या हातात देऊन म्हणाला, खींचो. काकांनी ओढलं. रॉड वाकला. काकांनी हात सैल सोडला. इक्का म्हणाला, और खींचो. रॉड कमानीसारखा पार मुठीपर्यंत वाकला, आणि मग रील करकर करत दोरा सोडायला लागलं, आपोआप, हळूहळू.

"साब, ये क्रेन नहीं है," इक्का म्हणाला. "मछली को उठाना नहीं है. वो भागेगा तो रॉड झुकेगा, रील थोड़ा छोड़ेगा. वो रुकेगा तो आप थोड़ा ले लो. बस. इसमें टाइम लगता है."

"वाकतोय तो," काका मला म्हणाले. जणू मला दिसत नव्हतं.

"झुकने के लिए ही बनाया है, साब."

काका अर्धा तास ते दार ओढत होते. दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना इक्काने मागच्या दाराने घेतलं. ओढायचे, वाकवायचे, सोडायचे आणि मग रॉडवर बोट फिरवून बघायचे. गाडीत घराजवळच्या राउंडअबाउटला आल्यावर म्हणाले, "परत सरळ झाला. एक मार्क नाही." राउंडअबाउटला आम्ही दोन फेऱ्या मारल्या, त्यांचं लक्षच नव्हतं.

रॉड पास झाला, हिरवी खूण बांधली. राहिलं रील. आणि रीलनेच घोळ केला.

हे जे वर बसणारं रील असतं, त्याचं हँडल एकतर डावीकडे असतं नाहीतर उजवीकडे. बदलता येत नाही, कारखान्यातूनच तसं येतं. इक्काकडे दोन्ही होती. त्याने विचारलं, दामाद कौन से हाथ से घुमाता है? काका म्हणाले, उजवाच असेल की. इक्का म्हणाला, तसं नसतं. मी उजवा आहे, उजव्या हाताने फेकतो आणि डाव्याने फिरवतो. माझा भाऊ उजवा आहे, तो उजव्याने फिरवतो. चुकीच्या बाजूचं दिलं तर तो थँक्यू म्हणेल आणि माळ्यावर ठेवून देईल. विचारून या.

विचारून या. झालं.

मी पुन्हा फोटो उघडले. जावयाच्या प्रत्येक फोटोत मासा दोन्ही हातांत, रॉड कुठेच नाही. एका फोटोत जेवताना डाव्या हातात काटा. काका म्हणाले, डावखुरा. मी म्हटलं, तिकडे सगळेच काटा डाव्या हातात धरतात. होडीवर वल्ही दोन हातांनी. दात घासतानाचा फोटो कोणी टाकत नाही. शेवटी काका खिडकीकडे बघत म्हणाले, "लग्नाचा एखादा असेल ना. सही करतानाचा."

काकूंनी ते फोटो दोन वर्षांपूर्वी पाठवले होते. काकांच्या फोनमध्ये होते, उघडलेले नव्हते. मी उघडून दिले. सही करतानाचा होता. काकांनी दोन बोटांनी तो मोठा केला, जावयाचा हात, पेन, उजवा. इक्काच्या म्हणण्याप्रमाणे त्याचा काही उपयोग नव्हता. फोन बाजूला ठेवताना बोट घसरलं, फोटो सरकला आणि स्क्रीनभर पोरगी आली. हसत होती, कोणाकडे तरी बघत.

काकांनी फोन परत उचलला. मला वाटलं बंद करतील.

"ही साडी हिच्या आईची आहे का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मला कसं माहीत असणार. ते म्हणाले, बरोबर. आणि बघत राहिले.

काकूंना विचारू म्हटलं तर काकूंनी त्या दिवशी संपच केला. दोन वर्षं निरोप नेले, आता एकही नेणार नाही, म्हणाल्या. हँडलचाही नाही. तुमचा जावई, तुमचं वाण, तुमचा फोन.

शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर काकांनी माझ्यासमोर एक कागद ठेवला. टाइप केलेला. एक, मी बोलतोय. दोन, रीलचं हँडल डावीकडे की उजवीकडे. तीन, ठीक आहे, ठेवतो.

मला कळेना. काका खाकरले.

"तू माझा आवाज काढतोस ना," ते म्हणाले. "तू बोल."

मी हसलो. ते हसले नाहीत. माणूस छताखालच्या झुंबराला घाबरतो हे मला माहीत होतं, पण या माणसाला एका फोनची एवढी भीती वाटत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. त्यांचे हात टेबलाखाली होते. मी कागद घेतला. त्यांनीच नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन माझ्याकडे सरकवला.

दोन रिंग वाजल्या. पलीकडून आवाज आला, "बाबा?"

मी खाकरलो. चष्मा नाकावर सरकवला, सवयीने. "हं. मी बोलतोय. एक टेक्निकल प्रश्न आहे. तुझ्या नवऱ्याच्या रीलचं हँडल डावीकडे असतं की उजवीकडे? नोटेड?"

चांगला जमला होता आवाज. तुटक. बसमध्ये टाळ्या पडल्या असत्या.

मग ती म्हणाली, "कोण बोलतंय?"

मी म्हटलं, मी, मी बोलतोय.

"तुम्ही बाबा नाही आहात." आवाज बदलला होता तिचा. "बाबांचा फोन तुमच्याकडे कसा? बाबा कुठे आहेत?"

आता हे इथे न राहिलेल्या माणसाला सांगावं लागेल. गल्फमध्ये माणसाच्या फोनवरून त्याच्या रूममधला कोणीतरी घरी फोन करतो, तेव्हा तो कशासाठी असतो हे इथे सगळ्यांना माहीत असतं. आधी दुसरंच काहीतरी बोलतात, इकडचं तिकडचं, कसंतरी, आणि मग सांगतात. ती इथे वाढलेली पोरगी. बाप रास लफानला, क्रेनखाली. तिने काय ऐकलं असेल ते मला त्या क्षणी कळलं. त्यांचा आवाज निघेना आणि माझाही निघेना.

"साईटवर काही झालंय का?" ती म्हणाली. "प्लीज, जे असेल ते सांगा. मी ऐकतेय. सांगा मला."

काकांनी फोन ओढून घेतला. माझ्या हातातून नाही, टेबलावरूनच, पण ओढूनच.

"ठमे," ते म्हणाले. "मी आहे. अगं मी आहे. मला काही झालेलं नाही. घरात बसलोय मी, आत्ता जेवलोय. ठमे, रडू नकोस. मी आहे ना."

हा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. दीड वर्ष एका घरात राहत होतो, त्यांचं खाकरणं, उठणं, बसणं, सगळं मला येत होतं, आणि हा आवाज माझ्या यादीतच नव्हता. मऊ, जरा वरच्या पट्टीतला, शब्दांच्या मध्ये श्वास घेणारा. पुढे ती भेटली तेव्हा तिने मला सांगितलं की बाबा घरात कधीच 'नोटेड' म्हणत नाहीत, निदान तिला तरी कधी म्हटलं नाही. मी साईटवरच्या माणसाची नक्कल शिकलो होतो. आज मी कतारमध्येच दुसऱ्या गावी, दुखानला असतो, काका नाशिकला, आणि इथल्या गाडीतही पोरं सांगतात, बार्शी, ते काका कर. मी करतो, पण तो 'नोटेड'वालाच. दुसरा मला येत नाही आणि मी प्रयत्नही केलेला नाही.

मी उठून बाल्कनीत गेलो आणि काचेचं दार ओढून घेतलं. बाहेर ऊन भट्टीसारखं. आत काका आधी उभे होते, मग बसले, मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. एकदा हसल्यासारखे दिसले. एकदा भिंतीकडे तोंड करून बराच वेळ नुसतं ऐकत होते. कठड्याच्या फटीत शुक्रवारचे तांदूळ अडकले होते, ते मी एकेक करून काढले, दुसरं करायला काही नव्हतं. तास होऊन गेला तेव्हा काकांनी दार उघडलं आणि म्हणाले, आत ये, उन्हात काय बसलायस, आजारी पडशील.

मी पाणी प्यालो. मग विचारलं, डावीकडे की उजवीकडे?

काकांनी माझ्याकडे बघितलं. कागद टेबलावर तसाच पडलेला होता.

"ते राहिलं," म्हणाले.

रविवारी ड्यूटीवरून आल्यावर त्यांनी स्वतः फोन लावला. स्पीकर नाही. मी माझ्या खोलीत. अर्ध्या तासाने बाहेर आलो आणि नुसत्या भुवया वर केल्या. राहिलंच. सोमवारी विषय निघाला होता म्हणे, पण जावई बाहेर गेला होता. मी म्हटलं, बायकोला माहीत असेल की, रोज बघते. काका म्हणाले, तिसऱ्या माणसाकडून घेतलेली माहिती धरायची नसते. मंगळवारी एकोणपन्नास मिनिटं बोलले, आणि ती साडी आईचीच होती हे कळलं, हँडलचं नाही.

बुधवारी इक्काचा फोन आला. दोन्ही रीलं किती दिवस अडकवून ठेवू, डावं न्यायला गिऱ्हाईक दुकानात उभं आहे, साब, आज बोल दो.

काका खाकरले. "दोनो रखो," म्हणाले. "क्वेरी भेजा है. क्लायंट का जवाब पेंडिंग है."

फोन ठेवला, घड्याळात स्वीडनची वेळ बघितली, आणि मला म्हणाले, जरा तुझ्या खोलीत जा.